दिवसाच्या आतषबाजीत रंगीत धूर फिका का पडतो?

आपल्या प्रश्नाचा सारांश मला असा समजला. आपल्या हौशी मंडळाने भर दुपारी लाल, पिवळ्या, हिरव्या आणि निळ्या धुराचे काही शेल (नळीतून उडवले जाणारे आणि आकाशात फुटणारे गोळे) उडवले आणि त्यांच्या जोडीला जमिनीवर रंगीत धुराच्या नळकांड्या लावल्या. लाल रंग समाधानकारक दिसला, हिरवा क्षणभर दिसून विरला, पिवळा ढगांत हरवला आणि निळा तर राखाडीच वाटला. पुढच्या वेळी मोठ्या व्यासाचे शेल घ्यावेत, नळकांड्यांची संख्या वाढवावी, अधिक गडद रंगद्रव्य घालून धुराचे मिश्रण स्वतः तयार करावे, की धूर सोडून सरळ रंगीत पावडर उधळावी, असे चार पर्याय आपण विचारले आहेत.

या चारही पर्यायांमागे एक समान गृहीतक आहे, ते म्हणजे माल कमी पडला किंवा हलका निघाला. आपण दिलेल्या तपशिलावरून मला तसे वाटत नाही. जागा, वेळ, सूर्याची दिशा आणि वारा यांचा विचार मालाच्या आधी व्हायला हवा होता, आणि तो झालेला नसेल तर दुप्पट खर्च करूनही परिणाम जवळपास तसाच राहील. अर्थात मी तो कार्यक्रम पाहिलेला नाही, त्यामुळे खाली काही ठिकाणी ‘असे असेल तर तसे’ या भाषेत लिहावे लागणार आहे.

मुळात रात्रीच्या आतषबाजीचा रंग आणि दिवसाच्या धुराचा रंग या दोन पूर्णपणे वेगळ्या गोष्टी आहेत. रात्री दिसणारा लाल रंग स्ट्रॉन्शियमच्या, हिरवा बेरियमच्या आणि निळा तांब्याच्या संयुगांमुळे तापलेल्या ज्योतीतून बाहेर पडतो, म्हणजे तेथे ‘तारा’ (शेलमधून उधळली जाणारी दारूची जळती गोळी) स्वतः प्रकाश देतो आणि पार्श्वभूमी काळी असल्यामुळे थोडा प्रकाशही पुरतो. दिवसा आकाशच इतके उजळ असते की ज्योतीचा रंग त्यात बुडून जातो, आणि टिटॅनियम किंवा मॅग्नेशियमच्या पांढऱ्याशुभ्र ठिणग्यांसारखे मोजकेच प्रकाशमान परिणाम डोळ्यांना जाणवतात. रंगीत धुरात कोणताही प्रकाश निर्माण होत नाही. नळकांडीत मंद जळणाऱ्या दारूच्या उष्णतेने सेंद्रिय रंगद्रव्याची वाफ होते, ती तोंडातून बाहेर पडताच थंड होते आणि साधारण एका मायक्रोमीटरच्या आसपासच्या आकाराचे घन कण होऊन हवेत तरंगू लागते. या कणांवर जो सूर्यप्रकाश पडतो त्यातील काही रंग ते शोषतात आणि उरलेला प्रकाश आपल्यापर्यंत पोहोचतो. म्हणजे रंग किती खुलेल हे निम्म्याहून अधिक सूर्यावर आणि पार्श्वभूमीवर अवलंबून असते, आणि हा भाग कोणताही विक्रेता डब्यात भरून देऊ शकत नाही.

तरीही मालातच दोष असण्याची शक्यता आधी तपासून बाजूला काढली पाहिजे, आणि त्यासाठी आपल्याकडे चित्रफीत असेल तर ती पुरेशी आहे. धूर तोंडातून बाहेर पडतो त्या पहिल्या एक-दोन हातांवर नजर ठेवावी. तेथेच तो मळकट, तपकिरी किंवा काळसर असेल तर दोष नळकांडीचा आहे. रंगद्रव्य सेंद्रिय असल्यामुळे ठरावीक तापमानाच्या वर गेले की त्याची वाफ होण्याऐवजी ते विघटित होते किंवा पेट घेते आणि रंगाऐवजी काजळी हाती येते. म्हणूनच धुराची दारू मुद्दाम थंड जळणारी ठेवलेली असते आणि तोंडे लहान ठेवून आत हवा शिरू दिली जात नाही. तोंडाशी ज्योत दिसली की त्या नळकांडीचा रंग संपला असे समजावे. दमट जागी ठेवलेला माल उलट्या कारणाने बिघडतो, कारण तो रडतखडत जळतो, पुरेशी वाफ धरत नाही आणि मधूनच विझतो. मात्र तोंडाशी रंग भरगच्च असेल आणि काही मीटर गेल्यावर फिका पडत असेल, तर विक्रेत्याला दोष देण्यात अर्थ नाही. आपला हिरवा रंग ‘क्षणभर दिसून विरला’ या वर्णनावरून मला हा दुसराच प्रकार वाटतो.

आता निळ्याबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण जवळजवळ प्रत्येक हौशी गटाची तक्रार याच रंगापासून सुरू होते. निळा धूर निळ्या आकाशासमोर सोडला तर उठाव मिळायला जागाच उरत नाही, हे उघड कारण झाले. दुसरे कारण कमी ध्यानात येते. अतिशय बारीक कणांचा कोणताही विरळ धूर गडद पार्श्वभूमीसमोर आपोआप निळसर दिसतो आणि तोच उजेडाच्या समोर धरला की पिवळट-तपकिरी दिसतो, कारण बारीक कण निळा प्रकाश अधिक विखुरतात. त्यामुळे प्रेक्षकाच्या डोळ्याला निळसर धुराची सवय असते आणि विरळ झालेला खरा निळा धूर त्याला साध्या धुरापेक्षा वेगळा वाटत नाही. अमेरिकी लष्कराच्या एम-18 या संकेत देणाऱ्या धुराच्या ग्रेनेडसाठी लाल, हिरवा, पिवळा आणि जांभळा असे रंग ठरवलेले आहेत, आणि त्यांत निळा नाही. ज्यांना लांबून, घाईत आणि बिनचूक ओळखता येणारा रंग हवा असतो त्यांच्या यादीत निळा नसावा, हे मला बोलके वाटते. माझा सल्ला असा की आकाशात निळ्याच्या जागी जांभळा वापरावा. निळा हवाच असेल तर तो जमिनीलगत, गडद झाडी किंवा डोंगराच्या उतारासमोर, जवळच्या प्रेक्षकांसाठी ठेवावा.

इतर रंगांनाही आपापली पार्श्वभूमी लागते. पिवळा आणि नारिंगी हे स्वच्छ, गडद निळ्या आकाशासमोर फार सुंदर दिसतात, पण पांढऱ्या ढगांसमोर पिवळा तग धरत नाही, कारण दोन्हींची उजळता जवळपास सारखी असते. ढगाळ आकाश हीच पार्श्वभूमी असेल तर लाल, जांभळा आणि काळा यांवर विसंबावे. हिरवा रंग झाडीसमोर वाया जातो आणि आकाशासमोर बरा दिसतो, पण त्याची छटा गडद असावी लागते. काळा आणि पांढरा धूर सर्वांत सोपा वाटतो, परंतु पांढरा धूर ढगाळ दिवशी जवळपास निरुपयोगी असतो आणि विरळ काळा धूर राखाडी दिसतो. नव्या पोपच्या निवडीच्या वेळी व्हॅटिकनच्या धुराड्यातून निघालेला धूर काळा की पांढरा, यावरून जमलेल्या लोकांचा एकाहून अधिक वेळा गोंधळ झालेला आहे. रंग दोनच असून आणि सगळ्यांचे डोळे एकाच धुराड्याकडे लागलेले असून ही अवस्था होते, म्हणून हौशी कार्यक्रमात एका वेळी चार रंग वाचले जातील अशी अपेक्षा मी ठेवत नाही.

सूर्याची दिशा हा या सगळ्या विषयातील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. सूर्य प्रेक्षकांच्या पाठीशी असला पाहिजे. कारण असे की मायक्रोमीटरच्या आकाराचे कण त्यांच्यावर पडलेला प्रकाश बहुतांशी पुढच्याच दिशेने विखुरतात. आपण सूर्याकडे तोंड करून धूर पाहिला तर विरळ भागातून थेट पांढरी चकाकी डोळ्यांत येते आणि दाट भाग काळवंडलेला दिसतो, त्यामुळे रंगाला मधली जागाच मिळत नाही. सूर्य पाठीशी असताना ढगात शिरलेला प्रकाश अनेक कणांवरून उलटसुलट फिरून परत येतो आणि प्रत्येक भेटीत थोडा अधिक रंगत जातो. हे व्हायला ढग दाट असावा लागतो, कारण एखाद-दुसऱ्या कणावरून परतलेल्या प्रकाशावर रंगाचा फारसा संस्कार झालेला नसतो. विरळ धूर सूर्य पाठीशी असूनही फिका दिसतो तो यामुळेच.

भर दुपारची वेळ आपण निवडली ती बहुधा ‘उजेड भरपूर’ या विचाराने, परंतु डोक्यावरचा सूर्य धुराच्या ढगाचा माथा उजळतो आणि प्रेक्षकांना दिसणारी खालची बाजू सावलीत ठेवतो. सूर्य क्षितिजापासून साधारण तीस ते पंचेचाळीस अंश वर असताना प्रेक्षकांच्या पाठीमागून येणारे ऊन ढगाच्या दर्शनी बाजूवर पडते, आणि तीच वेळ मी पसंत करतो. अगदी सूर्यास्ताजवळ जाऊ नये. तेव्हाचे ऊन स्वतःच तांबूस असल्यामुळे लाल आणि नारिंगी दाट दिसतात खरे, पण हिरवा आणि जांभळा मलूल होतात. छायाचित्रकाराला मात्र बहुतेक वेळा धुरामागून येणारा प्रकाश हवा असतो, कारण त्यात कडा चमकतात. त्याच्या हट्टासाठी प्रेक्षकांची बाजू बदलू नये, त्याला स्वतंत्र जागा द्यावी.

वाऱ्याचे गणित सोपे आहे, पण ते केल्याशिवाय त्याचे गांभीर्य लक्षात येत नाही. समजा एक नळकांडी एक मिनिट धूर देते. वारा सेकंदाला दोन मीटर असेल तर त्या मिनिटातला सगळा धूर एकशेवीस मीटर लांबीच्या पट्ट्यात पसरतो. वारा सेकंदाला सहा मीटर असेल तर तेच रंगद्रव्य तीनशेसाठ मीटरवर ताणले जाते, म्हणजे प्रत्येक मीटरला एक-तृतीयांशच वाटा येतो, आणि त्यावर भोवऱ्यांमुळे पट्टा रुंदीलाही फुटतो तो वेगळाच. यावरून आणखी एक गोष्ट निघते. तेवढेच रंगद्रव्य असलेल्या दोन नळकांड्यांपैकी एक तीस सेकंद आणि दुसरी नव्वद सेकंद चालत असेल, तर वाऱ्यात तीस सेकंदांचीच उपयोगी पडते. वेष्टनावरचा मोठा कालावधी पाहून लोक हुरळतात, पण रंगाच्या दृष्टीने तो पुष्कळदा तोट्याचा सौदा असतो. सेकंदाला तीन मीटरपर्यंतच्या वाऱ्यात मी रंगीत धुराची आखणी करतो, आणि त्यापुढे धूर हा मुख्य आकर्षण न ठेवता आवाजाच्या किंवा पॅराशूटच्या (शेलमधून सुटून छोट्या पॅराशूटने तरंगत उतरणाऱ्या वस्तूंच्या) परिणामांना जोड म्हणूनच वापरतो.

जमिनीवर वारा जाणवत नाही म्हणून वरही नसेल असे समजू नये. उंचीबरोबर वारा सहसा वाढतो. भर दुपारी तर तापलेल्या जमिनीवरून उठणारे हवेचे लोट धुराचे अक्षरशः तुकडे करतात, आणि आपली दुपारची वेळ या कारणानेही अडचणीची होती. याउलट स्वच्छ रात्रीनंतरच्या पहाटे जमिनीलगतची हवा थंड आणि तिच्यावरचा थर उबदार असतो. अशा वेळी धूर वर न जाता आडवा पसरून बराच वेळ रेंगाळतो. चित्रफितीत हे दृश्य मोहक दिसते, परंतु प्रेक्षक जवळ असतील तर तोच धूर त्यांच्या श्वासात जातो आणि दुसरा रंग सोडायला आकाश मोकळे मिळत नाही.

आता मोठ्या शेलचा मुद्दा. शेल फुटताना रंगाचा गोळा होतो, आणि गोळ्याची त्रिज्या दुप्पट झाली की त्याचे घनफळ आठपट होते. मोठ्या शेलमध्ये दारू अधिक असते हे खरे, पण ती जितकी वाढते तितक्याच प्रमाणात गोळाही फुगतो, त्यामुळे आकार मोठा मिळतो आणि घनता फारशी वाढत नाही. आपली तक्रार आकाराची नसून घनतेची आहे, म्हणून मोठा व्यास हा तिच्यावरचा उपाय नव्हे. शिवाय हवेतून वेगाने जाणाऱ्या धुराच्या ताऱ्यावर वाऱ्याचा मारा होत असतो, त्यात तो विझू शकतो किंवा पेट घेऊन रंग गमावू शकतो. म्हणूनच चांगले धुराचे शेल बनवणे हे रात्रीच्या शेलपेक्षा अवघड काम मानले जाते.

त्याऐवजी मी रेषांकडे वळण्याचा सल्ला देईन. धुराची शेपटी सोडत चढणारे कॉमेट आणि जमिनीवरून पंख्यासारखे उधळणारे माइन यांत रंगद्रव्य अरुंद पट्ट्यात एकवटते आणि काही सेकंद तरी आकृती स्पष्ट राहते. एकाच रंगाची अनेक कॉमेट एकाच क्षणी, ठरावीक अंतराने लावलेल्या नळ्यांतून सोडली तर परिणाम एका मोठ्या शेलपेक्षा कितीतरी ठाशीव होतो. चिनी कलावंत काय ग्वो-छियांग यांनी 2011 मध्ये दोहा येथे आणि 2018 मध्ये फ्लोरेन्स येथे केलेली दिवसाची आतषबाजी पाहिली, तर भर एका शेलच्या मोठेपणावर नसून असंख्य लहान बिंदूंच्या नेमक्या वेळापत्रकावर आहे, हे ध्यानात येते. तेवढा खर्च हौशी मंडळाला शक्य नसला तरी तत्त्व तेच वापरता येते.

दिवसाच्या आतषबाजीला केवळ रंगावर जगायचे नसते, हेही या निमित्ताने सांगावेसे वाटते. जपानमध्ये ही परंपरा जुनी आहे. योकोहामाच्या हिरायामा जिंता यांना 1883 मध्ये दिवसाच्या शेलसाठी अमेरिकेचे पेटंट मिळाले होते, आणि त्या काळच्या शेलमधून धुराबरोबर कागदाच्या आकृतीही आकाशात तरंगत खाली येत. स्पेनमधील वॅलेन्सिया शहरात मार्च महिन्यातील फायास उत्सवात दुपारी दोन वाजता होणारी मास्क्लेता ही फटाक्यांची मालिका तर मुख्यतः आवाजाच्या लयीवर उभी असते. आपल्या कार्यक्रमातही आवाज, कागद, पॅराशूट आणि धूर यांची सांगड घातली तर प्रत्येक रंगावरचा भार हलका होईल.

एवढ्यावर थोडे थांबून सांगायचे तर, दोष आधी तोंडाशी पाहावा, मग सूर्याची दिशा, मग पार्श्वभूमी, मग वारा, आणि हे सगळे जुळवूनही घनता कमी पडली तरच त्याच जागी एकत्र लावलेल्या नळकांड्या वाढवाव्यात. त्या वाढवताना दूर दूर न मांडता वाऱ्याच्या आडव्या दिशेला जवळ जवळ मांडाव्यात.

मिश्रण स्वतः तयार करण्याच्या कल्पनेबद्दल मला स्पष्टपणे नकार द्यायचा आहे. धुराची दारू मंद जळते म्हणून ती निरुपद्रवी असते, हा समज चुकीचा आहे. तिच्यात पुष्कळदा वापरला जाणारा क्लोरेट वर्गातील ऑक्सिकारक (ज्वलनाला ऑक्सिजन पुरवणारा पदार्थ) गंधक किंवा अमोनियम क्षारांच्या संपर्कात आला तर मिश्रण घर्षणाने किंवा आपोआपही पेटू शकते, आणि त्यासाठी न धुतलेल्या भांड्यातील अवशेषही पुरेसा ठरतो. रंगद्रव्यांची बारीक धूळ श्वासात जाणे हा दुसरा धोका आहे. पिवळ्या धुरासाठी पूर्वी वापरले जाणारे ऑरामाइन हे विषारी आहे, आणि लष्करी धुरातील काही जुनी रंगद्रव्येही आरोग्याच्याच कारणाने बदलावी लागली. शिवाय कापडासाठी किंवा मेणबत्तीसाठी विकले जाणारे गडद रंगद्रव्य तापल्यावर वाफ होईलच असे नाही, त्यामुळे दुकानात गडद दिसणारा रंग धुरात गडद दिसेल हे गृहीतकच टिकत नाही. प्रमाणित तयार माल घ्यावा, तो उघडू नये, दोन नळकांड्यांतील दारू एकत्र करू नये. युरोपीय संघात अशी अनेक धूर-उपकरणे पी-1 या कमी धोक्याच्या वर्गात येतात आणि त्यांच्या विक्रीसाठी किमान वय अठरा आहे. आपल्या ठिकाणी कोणता परवाना लागतो ते स्थानिक प्रशासनाकडे लेखी विचारून घ्यावे, कारण हा नियम जागेनुसार खूप बदलतो.

रंगीत पावडर उधळण्याचा पर्याय याहून घातक आहे, जर जवळपास कोठेही ज्योत, ठिणगी किंवा तापलेला दिवा असेल तर. मक्याच्या स्टार्चसारखी बारीक ज्वलनशील पावडर हवेत ढगासारखी पसरली की तो संपूर्ण ढग एका क्षणात पेटतो. तैवानमध्ये 27 जून 2015 रोजी एका जलक्रीडा उद्यानातील कार्यक्रमात उधळलेली अशीच रंगीत पावडर पेटून 15 जणांचा मृत्यू झाला आणि सुमारे 500 जण भाजले. आतषबाजी आणि पावडर या दोन गोष्टी एकाच कार्यक्रमात मी येऊ देत नाही.

जागेबद्दल दोन-तीन गोष्टी राहिल्या. ‘थंड धूर’ असे वेष्टनावर लिहिलेले असले तरी नळकांडी स्वतः भरपूर तापते. 2020 च्या सप्टेंबरमध्ये कॅलिफोर्नियात एका कौटुंबिक समारंभातील धूर-उपकरणामुळे वाळलेल्या गवताने पेट घेतला, त्यातून एल डोराडो नावाचा वणवा पसरला आणि एका अग्निशमन कर्मचाऱ्याचा जीव गेला. म्हणून नळकांड्या वाळूवर, उघड्या मातीवर किंवा धातूच्या तबकात ठेवाव्यात, पाणी हाताशी असावे, आणि विझलेल्या नळकांड्या थंड झाल्यावरच गोळा कराव्यात. प्रेक्षक वाऱ्याच्या वरच्या बाजूला बसवावेत. धूर बंदिस्त जागेत कधीही सोडू नये. रंगद्रव्याचे कण भिंतींवर, कपड्यांवर आणि गाड्यांवर बसले की सहजी निघत नाहीत, आणि बहुतेक भांडणे याच कारणावरून होतात, म्हणून वाऱ्याच्या खालच्या बाजूला काय आहे ते चालत जाऊन पाहून यावे.

आपल्याच सामग्रीची फेरमांडणी मी अशी करीन. वेळ दुपारी उशिराची ठेवावी आणि प्रेक्षकांना पश्चिमेकडे पाठ करून बसवावे. ठरलेल्या दिवसाच्या आधी, त्याच जागी आणि त्याच वेळेला, प्रत्येक रंगाची एकेक नळकांडी लावून प्रेक्षकांच्या जागेवरून पाहावी. जो रंग तेथे दिसत नाही तो कार्यक्रमातून वगळावा, त्याची संख्या वाढवू नये. सुरुवात पिवळ्या कॉमेटनी करावी, कारण त्यांना स्वच्छ आकाशाची सर्वाधिक गरज असते. त्यानंतर आकाश मोकळे होईपर्यंत थांबून हिरवा, मग लाल, आणि जांभळा सर्वांत शेवटी आणावा, कारण आधीच्या धुराची पुसट राखाडी झाक मागे उरली असली तरी गडद जांभळा तिच्यासमोरही वाचता येतो. दोन रंगांमधला थांबा घड्याळावर न ठरवता एका माणसाला आकाशाकडे पाहत ठेवून त्याच्या इशाऱ्यावर ठरवावा, आणि तो इशारा येईपर्यंत प्रेक्षकांना गुंतवून ठेवण्याचे काम पॅराशूटच्या शेलवर सोपवावे.